मर्यादेचे शिक्षण

आज मला ज्या विषयावर बोलावयाचे आहे, तो भंडाऱ्यासारख्या भाताच्या व तलावांच्या जिल्ह्यात सारे आयुष्य काढलेल्या एका जुन्या शाळामास्तराने निवडावा, याचे श्रोत्यांस थोडे नवल वाटेल. संगणकास काम सांगणाऱ्या आज्ञांची जी मालिका लिहावी लागते, तीस आपण आज्ञावली अथवा सरळ प्रोग्राम असे म्हणतो. ही आज्ञावली नुसती बिनचूक नव्हे, तर दुष्टाच्या हाती पडली तरी फसणार नाही अशी कशी लिहावी, हे लिहिणाऱ्या तरुणांस शिकविण्याचा प्रारंभ जगात केव्हा झाला, आपल्या महाराष्ट्रात त्याचे काय झाले, आणि त्यास इतका विलंब का लागला, एवढाच आजच्या भाषणाचा विषय आहे. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला मनुष्य. संगणकशास्त्रात माझा अधिकार नाही. परंतु वर्गात काय शिकविले जाते आणि काय शिकवावयाचे राहून जाते, हे पाहण्याची सवय मात्र फळ्यापुढे उभे राहून राहून जडली आहे.

प्रारंभ मी आमच्या तलावांपासून करतो, आणि तो केवळ गावाच्या अभिमानाने नव्हे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या भागात जुन्या मालगुजारीच्या काळचे तलाव गावोगाव आहेत. ते बांधण्याच्या कामी कोहळी समाजाची मोठी ख्याती होती. आज गोंदिया जिल्ह्यात असलेला नवेगावबांधचा विस्तीर्ण तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, अशी परंपरा आहे. तलाव बांधणाऱ्यास पाळ घालण्यापूर्वी दोन प्रश्न स्वतःस विचारावे लागतात. आपणास पाणी किती हवे, हा पहिला. आणि आकाशातून किती येऊ शकेल, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर म्हणजे पाळ, आणि दुसऱ्याचे उत्तर म्हणजे सांडवा. सांडवा नसलेला तलाव नऊ वर्षे उत्तम चालेल, गाव बांधणाऱ्याची वाहवा करील, आणि दहाव्या वर्षी एका रात्रीत तोच तलाव पाळ फोडून खालची सारी रोवणी धुऊन नेईल. त्या नऊ वर्षांत त्याचा दोष कोणास दिसणार नाही. कारण कामाच्या वेळी त्यात दोष नसतोच.

संगणकाच्या पोटातही असेच तलाव असतात. बाहेरून येणारा मजकूर काही काळ साठवून ठेवण्यासाठी आज्ञावलीकार ठरावीक अक्षरांची जागा राखून ठेवतो. २ नोव्हेंबर १९८८ रोजी रॉबर्ट मॉरिस या कॉर्नेल विद्यापीठाच्या पदव्युत्तर विद्यार्थ्याने स्वतःच्या प्रती काढीत एका यंत्रातून दुसऱ्या यंत्रात शिरणारी एक आज्ञावली अमेरिकेतील संगणकांच्या जाळ्यावर सोडली. ती अनेक वाटांनी शिरे. त्यांपैकी एक वाट आपल्या विषयाची आहे. यंत्रावर कोण काम करीत आहे याची चौकशी करणाऱ्यास उत्तर देणारी एक साधी आज्ञावली त्या यंत्रांवर असे. प्रश्न साठविण्यास तिने ५१२ अक्षरांची जागा ठेवली होती. मॉरिसच्या आज्ञावलीने ५३६ अक्षरे पाठविली. जास्तीची चोवीस अक्षरे शेजारच्या जागेत सांडली. आणि त्या शेजारच्या जागेत, हे काम आटोपल्यावर यंत्राने पुढे कोठे जावयाचे त्याची चिठ्ठी ठेवलेली होती. त्या चिठ्ठीवर आगंतुकाने आपला पत्ता लिहिला, आणि यंत्र आज्ञाधारकपणे तिकडे गेले. त्या काळी जाळ्यावर जी सुमारे साठ हजार यंत्रे होती, त्यांपैकी सहा हजारांस याची बाधा झाली असा अंदाज करण्यात आला. मुलाचे वडील अमेरिकन सरकारच्या संगणक-सुरक्षा केंद्रात मुख्य शास्त्रज्ञ होते, हे दैवाचे कौतुक म्हणावयाचे.

येथे श्रोते विचारतील की, पाणी पाळीवरून वाहील ही गोष्ट तोपर्यंत कोणास ठाऊकच नव्हती काय? ठाऊक होती. अमेरिकन वायुदलासाठी जेम्स अँडरसन यांनी १९७२ मध्ये सिद्ध केलेल्या अहवालात हा दोष नोंदलेला आहे. १९७५ मध्ये साल्ट्झर व श्रोडर या दोन पंडितांनी संगणकातील माहितीच्या रक्षणाची तत्त्वे एका प्रबंधात मांडली. प्रत्येकास त्याच्या कामापुरताच अधिकार द्यावा, परवानगी स्पष्टपणे दिलेली नसेल तेथे नकारच समजावा, प्रत्येक वेळी नव्याने खात्री करून घ्यावी, अशी ती तत्त्वे. आमच्या कोणत्याही जुन्या खजिनदारास ती पाठ असतील. म्हणजे ज्ञान होते. ते विद्वानांच्या कपाटात होते, विद्यार्थ्यांच्या वहीत नव्हते, आणि माझ्या मते या सर्व इतिहासाचे मर्म येथेच आहे.

विद्यार्थ्यांच्या वहीत ते का आले नाही, हे समजण्यासाठी आपण मुंबईस जाऊ. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत डॉ. रंगस्वामी नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली तरुणांनी स्वतः रचलेला संगणक १९६० मध्ये चालू झाला, आणि १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्यास ‘टिफ्रॅक’ हे नाव दिले. त्याची स्मरणशक्ती २०४८ शब्दांची, आणि प्रत्येक शब्द ४० अंकस्थानांचा. आजच्या भ्रमणध्वनीतले एखादे लहानसे छायाचित्रसुद्धा त्यात मावणार नाही. यंत्र संस्थेच्या आवारात, खोलीस कुलूप, चालविणारे सर्व परस्परांच्या ओळखीचे. अशा ठिकाणी आज्ञावलीकाराचा शत्रू कोण? त्याची स्वतःची चूक, आणि जागेची टंचाई. ‘आलेला मजकूर राखलेल्या जागेत मावतो काय?’ असे यंत्रास विचारावयाचे, तर त्या विचारण्याच्या आज्ञेलाही जागा लागे. तेव्हा उत्तम आज्ञावली म्हणजे आखूड आज्ञावली, असाच पाठ गुरूंनी दिला, आणि त्या परिस्थितीत तो योग्यच होता. त्या पिढीस नावे ठेवण्याचे मला काही कारण दिसत नाही. ज्यांनी टाकाटाकी न करता यंत्राचा कणन्‌कण वापरला, त्यांच्या काटकसरीवर पुढचा सारा डोलारा उभा आहे.

परंतु परिस्थिती पालटली आणि पाठ मात्र तोच राहिला. १९६८ मध्ये मुंबईत टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस निघाली आणि पुढल्याच वर्षी फकीरचंद कोहली तिच्या कामात आले. (आमच्या तलाव बांधणाऱ्या कोहळ्यांशी त्यांचे काही नाते नाही, पण नामसादृश्याची मौज वाटल्यावाचून राहत नाही.) भारतीयांनी लिहिलेल्या आज्ञावल्या परदेशच्या पेढ्यांत चालू लागल्या. १९८५ मध्ये मुंबईत राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र स्थापन झाले, १९८८ मध्ये पुण्यास डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली सी-डॅक ही संस्था निघाली, आणि १९९३ पासून तिच्या प्रशिक्षण विद्यालयातून आज्ञावलीकारांच्या तुकड्याच्या तुकड्या बाहेर पडू लागल्या. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने इंटरनेटचा मार्ग सर्वसामान्यांस खुला केला. कुलूपबंद खोलीची भिंत त्या दिवशी पडली असे म्हणण्यास हरकत नाही. आता आज्ञावलीस प्रश्न विचारणारा मनुष्य ओळखीचा नव्हता. तो कोणत्या खंडात बसला आहे हेही तिला कळण्याचा मार्ग नव्हता.

त्या सुमारास आमच्या विदर्भातील मुले ‘सी’ नावाची संगणकभाषा शिकत होती. या भाषेवरील नागपूरच्या यशवंत कानेटकर यांचे ‘लेट अस सी’ हे पुस्तक देशभर घरोघर गेले, आणि भंडाऱ्यापासून अवघ्या साठ-पासष्ट किलोमीटरांवरच्या माणसाने सबंध देशास एक भाषा शिकवावी याचा आम्हांस आनंद वाटे. या भाषेत मजकूर वाचून घेण्यासाठी ‘गेट्स’ नावाची एक आज्ञा होती. (बिल गेट्स यांच्याशी तिचा संबंध नाही.) ही आज्ञा येईल तेवढे पाणी आत घेते, तलाव केवढा आहे हे ती विचारीतच नाही. मॉरिसच्या आज्ञावलीने जी वाट धरली ती हीच. कानेटकरांच्या पुस्तकात ही आज्ञा शिकविलेली आहे, तशी ती त्या काळच्या बहुतेक सर्व पुस्तकांत होती. आणि ही भाषा राखीव जागेच्या सीमेची तपासणी आपण होऊन करीत नाही, ती जबाबदारी लिहिणाऱ्याची, असा इशाराही त्यात दिलेला आहे. पण परीक्षेत गुण आज्ञेस मिळतात, इशाऱ्यास मिळत नाहीत. हे मी संगणकाविषयी बोलत नसून एकंदर शाळांविषयी बोलत आहे.

महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत ‘टर्बो सी’ नावाचे जुने साधन वर्षानुवर्षे चालले. त्यात साध्या पूर्णांकासाठी जी जागा असे, तीत ३२७६७ याहून मोठी संख्या मावत नसे. विद्यार्थ्यास हमखास दिला जाणारा एक प्रश्न असा : एकपासून दिलेल्या संख्येपर्यंतच्या सर्व संख्यांचा गुणाकार करून दाखवा. परीक्षक ५ हा आकडा देत. उत्तर १२० येई. परीक्षक गुण देत. त्यांनी ८ हा आकडा दिला असता तर खरे उत्तर ४०३२० हवे. पण यंत्र गंभीरपणे ‘उणे २५२१६’ असे दाखवी. धनसंख्यांच्या गुणाकाराचे उत्तर ऋण! चौथीतला मुलगाही यावर हसेल. तथापि पाचाऐवजी आठ विचारण्याची प्रथा नसल्यामुळे हजारो मुले या हास्यास मुकली आणि उत्तम श्रेणीत उत्तीर्ण झाली.

माझा एक जुना विद्यार्थी पुण्यास एका पेढीत आज्ञावल्या लिहितो. दिवाळीत घरी आला असता तो मला म्हणाला, “गुरुजी, चार वर्षांत आम्हांस कोणी एकदाही विचारले नाही की, वापरणारा मनुष्य खोटे बोलला तर काय होईल.” ज्या महाविद्यालयात तो शिकला त्याचे नाव येथे घेण्याचे कारण नाही, हे एका महाविद्यालयाचे वैगुण्य नव्हते.

वास्तविक, लिहिणाऱ्याने वाचणाऱ्याच्या लबाडीचा विचार आधीच करावा, ही कल्पना आपणांस परकी नाही. आपल्या दफ्तरांत ती मुरलेली आहे. शिवछत्रपतींच्या पत्रांच्या शिरोभागी मुद्रा असे, आणि मजकूर संपला की अखेरीस ‘मर्यादेयं विराजते’ या अक्षरांचे मोर्तब उठविण्याचा प्रघात होता. त्या मोर्तबाचा अर्थ इतकाच की, हुकूम येथे संपला. याखाली कोणी काही लिहील तर ते आमचे नव्हे. आजही आपण धनादेशावर रक्कम आकड्यांत लिहून पुन्हा अक्षरांत लिहितो आणि पुढे ‘मात्र’ म्हणून रेघ ओढतो. ही रेघ कोणत्या शाळेत शिकविली? बहुधा कोणत्याच नव्हे. हाताखाली शिकणाऱ्या उमेदवाराने ती ओढली नाही तर जुना कारकून कागद त्याच्या अंगावर फेकी. त्यातून ती शिकली गेली.

संगणकाच्या आज्ञावलीत ही रेघ नसली म्हणजे काय होते, ते पाहा. पेढीतील यंत्र-कारकुनास हुकूम आहे की, अर्जातील नावाच्या रकान्यात जे लिहिले असेल त्या नावाचे खाते शोधून दाखवावे. एक भामटा त्या रकान्यात एखादे नाव लिहून, त्यापुढे ‘आणि शिवाय इतर सर्वांची खाती दाखवावीत’ असे जोडून देतो. हाडामांसाचा कारकून हसून अर्ज परत करील. यंत्र-कारकुनास मात्र अर्जदाराचे शब्द कोठे संपले आणि मालकाचा हुकूम कोठे सुरू झाला, हे समजत नाही. तो सर्वांची खाती काढून देतो. ही युक्ती १९९८ च्या अखेरीस एका नियतकालिकात प्रसिद्ध झाली. तिच्यावरील उपाय अगदी कारकुनी वळणाचा आहे : हुकूम एका कागदावर, अर्जदाराचे शब्द दुसऱ्या कागदावर, आणि दुसऱ्या कागदावरचे काहीही हुकूम म्हणून वाचावयाचे नाही. उपाय इतका सोपा असूनही हा दोष आजतागायत नव्या आज्ञावल्यांत सापडतो, याचे कारण यंत्रशास्त्रात शोधण्यात अर्थ नाही. नवशिक्याच्या अंगावर कागद फेकणारा कोणी नसतो, हे ते कारण होय.

मोठ्या प्रमाणावर असे शिक्षण देण्याचा पहिला ठळक प्रसंग घडला तो संकटाच्या पोटी. जुलै २००१ मध्ये ‘कोड रेड’ नावाच्या उपद्रवाने मायक्रोसॉफ्टच्या आज्ञावलीत प्रवेश केला, आणि तोही पाळीवरून पाणी सांडण्याच्या त्याच जुन्या वाटेने. मॉरिसच्या प्रकारानंतर तेरा वर्षे लोटली होती. १५ जानेवारी २००२ रोजी बिल गेट्स यांनी आपल्या सर्व नोकरांस पत्र लिहून, नवी सोय की सुरक्षितता अशी निवड करावी लागेल तेथे सुरक्षितता निवडावी, असे बजावले. त्यानंतर ‘विंडोज’ या त्यांच्या मुख्य आज्ञावलीचे नवे काम काही आठवडे चक्क थांबविण्यात आले, आणि सुमारे साडेआठ हजार माणसांस पुन्हा बाकावर बसविण्यात आले. पगारी, अनुभवी, स्वतःस निष्णात समजणारी ही माणसे! त्यांस शिकविले काय, तर घराचा नकाशा काढताच तो एकदा चोराच्या डोळ्यांनी पाहावा. आणि जुने लिखाण दुसऱ्याकडून ओळ अन् ओळ वाचून घ्यावे. ‘गेट्स’ ही आज्ञा ‘सी’ भाषेच्या प्रमाणग्रंथातून काढून टाकण्यास मात्र २०११ साल उजाडावे लागले. एक वाईट आज्ञा भाषेबाहेर घालविण्यास तेवीस वर्षे. व्याकरणात सुधारणा सुचविणाऱ्या आपल्या पंडितांनी यावरून धीर धरावा.

आपल्याकडे २००० साली माहिती तंत्रज्ञानाचा कायदा झाला, २००४ मध्ये संगणकी आपत्तींच्या निवारणासाठी ‘सर्ट-इन’ हे सरकारी पथक सुरू झाले, आणि पुढल्याच वर्षापासून माहिती-सुरक्षेच्या शिक्षणाची केंद्र सरकारची योजनाही आली. सी-डॅकने आज्ञावली-लेखनाच्या अभ्यासक्रमाबरोबर यंत्रणा व सुरक्षितता यांचा एक स्वतंत्र अभ्यासक्रम चालविला. या प्रयत्नांचे मोल मी कमी मानीत नाही. परंतु रखवालदार एका वर्गात आणि गवंडी दुसऱ्या वर्गात, अशी ही वाटणी मला नेहमी खटकत आली आहे. भिंतीत खिंडार ठेवून मग रखवालदार हुशार नेमला, तर त्याची सारी हुशारी खिंडारापाशी बसण्यात जाते.

११ ऑगस्ट २०१८, शनिवार, या दिवशी पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेच्या बाबतीत जे घडले ते पुष्कळांस आठवत असेल. १९०६ साली स्थापन झालेली ही जुनी बँक. त्या दिवशी काही तासांत २८ देशांतील पैसे देणाऱ्या यंत्रांतून बनावट कार्डांवर रकमा काढण्यात आल्या, आणि १३ तारखेस आणखी एक रक्कम परभारे हाँगकाँगला पाठविण्यात आली. एकूण आकडा सुमारे ९४ कोटी रुपये. येथे पाळीवरून पाणी सांडले असे नव्हे. प्रकार निराळा होता. पैसे देण्यापूर्वी यंत्र बँकेस विचारते की, द्यावे काय? त्या प्रश्नाला बँकेऐवजी चोरांनी मध्येच बसविलेली एक तोतया व्यवस्था ‘होय’ म्हणून उत्तर देत राहिली. प्रश्न विचारला गेला, उत्तरही आले. उत्तर देणारा कोण, हे मात्र पाहिले गेले नाही. सहकारी बँकेतला पैसा कोणाचा असतो हे मी शहरातील श्रोत्यांस सांगावयास नको. निवृत्तिवेतनाचा, मुलीच्या लग्नासाठी साठविलेला, गृहसंस्थेच्या वर्गणीचा तो पैसा असतो. आणि आता भंडाऱ्यातील भाजीवालीसुद्धा आपले दिवसाचे पैसे अशाच एका ‘होय’वर विसंबून घेते.

आता या शिक्षणाची जी पद्धत मला सर्वांत आवडली, ती सांगतो. तीस पैसे लागत नाहीत. १९८८ च्याच शरद ऋतूत, म्हणजे मॉरिसचा प्रकार घडला त्याच दिवसांत, विस्कॉन्सिन विद्यापीठातील प्राध्यापक बार्टन मिलर यांनी आपल्या वर्गास एक गृहपाठ दिला. वादळी रात्री ते घरून दूरध्वनीच्या तारेवरून विद्यापीठाच्या यंत्रावर काम करीत असता तारेतील खरखरीमुळे भलतीच अक्षरे मध्ये घुसत, आणि चांगल्या नावाजलेल्या आज्ञावल्या कोलमडून पडत. त्यावरून त्यांस सुचले की, विद्यार्थ्यांनी मुद्दाम अर्थहीन अक्षरांचा मारा करून कोणत्या आज्ञावल्या टिकतात ते पाहावे. १९९० मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले : तपासलेल्या आज्ञावल्यांपैकी चौथ्या हिश्शापासून तिसऱ्या हिश्शापर्यंत आज्ञावल्या पडल्या किंवा अडकून बसल्या. ज्या आज्ञावल्यांवर जगातील विद्यापीठे चालत होती, त्या ह्या. आज मोठमोठ्या पेढ्या हेच काम अहोरात्र यंत्रांकडून करवून घेतात; पण प्रारंभ एका वर्गातील गृहपाठातून झाला, हे मला मास्तर म्हणून विसरता येत नाही.

माझ्या त्या विद्यार्थ्यास पुण्यातील पहिल्याच आठवड्यात हा प्रसाद मिळाला. त्याने मोठ्या हौसेने सिद्ध केलेल्या अर्जात वयाच्या रकान्यात त्याच्या वरिष्ठ बाईंनी वय न लिहिता ‘अ’ हे अक्षर दाबून धरले, आणि चहा घेऊन परत येईतो दाबलेलेच ठेविले. अर्ज कोसळला. बाई इतकेच म्हणाल्या, “आता हा कसा पडला ते मला उद्या समजावून सांग.” चार वर्षांत जे झाले नाही ते एका रात्रीत झाले, असे तो सांगतो.

पुढे काही वर्षांनी एका महाविद्यालयाने त्यास प्रात्यक्षिकांसाठी बहिःस्थ परीक्षक म्हणून बोलाविले. त्याने मुलांच्या आज्ञावल्यांस पाच आकडा न देता कोणास उणे पाच दिला, कोणाच्या संख्येच्या रकान्यात आपले नाव लिहिले. एकाही मुलाची आज्ञावली टिकली नाही. मुलांनी वर तक्रार केली की, परीक्षकांनी अभ्यासक्रमाबाहेरचे विचारले. आणि अभ्यासक्रमाची पुस्तिका उघडून पाहिली तर मुलांचे म्हणणे अक्षरशः खरे होते. पुढल्या वर्षी त्यास बोलावणे आले नाही. त्याच्या पुढल्या वर्षी मात्र पुन्हा आले, आणि तो गेला तेव्हा मागच्या बाकावरची दोन मुले परीक्षक येण्यापूर्वीच एकमेकांच्या रकान्यांत वाटेल ती अक्षरे भरून पाहत बसली होती.